शेतापासून गोठ्याची फारकत

(छत्रपती संभाजीनगर येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

१८८३ साली जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पूर्ण केला. त्या ग्रंथाच्या अखेरच्या भागात त्यांनी सरकारपुढे काही मागण्या ठेवल्या आहेत. पावसाचे पाणी शेतात मुरावे म्हणून ताली व बंधारे बांधावेत. तळ्यांतील गाळ शेतकऱ्यांना पूर्वीप्रमाणे फुकट नेऊ द्यावा. जंगलखात्याने गिळंकृत केलेली गायराने गावांना परत करावीत. उत्तम जातीच्या जनावरांची पैदास करावी. जमीन, पाणी, गवत आणि जनावर ही एकाच व्यवहाराची चार अंगे आहेत आणि त्यांतले एक तोडले की उरलेली तीन आपोआप दुबळी होतात, हे सूत्र त्या मागण्यांच्या मुळाशी आहे. आज एकशेचाळीस वर्षांनंतर शेतीशास्त्राच्या प्रयोगक्षेत्रांवरून जे निष्कर्ष बाहेर येत आहेत, ते बव्हंशी याच सूत्राला पुष्टी देणारे आहेत. शास्त्र जोडा म्हणते, आणि अर्थव्यवस्था मात्र तोडत चालली आहे. या विसंगतीचा विचार मराठवाड्याच्या संदर्भात करणे, हा आजचा विषय आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. मराठवाड्याची शेती मुख्यत्वे कोरडवाहू आहे. पाऊस सरासरीने सातशे-आठशे मिलिमीटर. पण सरासरी हा येथे फसवा शब्द आहे. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, आणि २०२५ च्या सप्टेंबरात याच विभागात अतिवृष्टीने उभी पिके, दावणीची जनावरे आणि कित्येक ठिकाणी शेताची काळी मातीसुद्धा वाहून गेली. अशा लहरी हवामानात पूर्वीचा शेतकरी तग धरून राहिला, तो एका विशिष्ट रचनेच्या आधारे. खरिपात तूर, मूग, उडीद, बाजरी, कापूस. रब्बीत ज्वारी, करडई, हरभरा. दावणीला देवणी किंवा लाल कंधारी बैलांची जोडी. भूमिहीनांच्या दारी उस्मानाबादी शेळ्या. ज्वारीचे दाणे माणसाला आणि कडबा जनावराला; शेण जमिनीला आणि बैलांची ताकद पुन्हा ज्वारीला. हे चक्र फार संपन्न होते, असा भ्रम कोणी बाळगू नये. १९७२ च्या दुष्काळाने त्याच्या मर्यादा निर्दयपणे दाखवून दिल्या. तथापि ते चक्र होते, आणि त्यातील बराचसा माल बाजारातून विकत आणावा लागत नव्हता.

हे चक्र गेल्या तीस-चाळीस वर्षांत मोडले. ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली. सिल्लोड, कन्नड, फुलंब्री या तालुक्यांत मका वाढला. २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि बियाणे दरवर्षी दुकानातून आणण्याची वस्तू झाली. या बदलाचा दोष शेतकऱ्याच्या हव्यासाला देण्याची शहरी मंडळींची सवय आहे. वस्तुतः स्वस्त धान्य दुकानातून गहू-तांदूळ आला आणि ज्वारीला सरकारी खरेदीचा भक्कम आधार कधी मिळालाच नाही, हे त्याचे मुख्य कारण. नगदी पीक घ्यावे आणि धान्य रेशनवर आणावे, हा हिशेब शेतकऱ्याने केला. तो त्याच्या परीने बरोबरच होता. मात्र सोयाबीनचे कुटार हे ज्वारीच्या कडब्याची बरोबरी करीत नाही. पीक बदलले तेव्हा गव्हाण रिकामी झाली, हे कोणत्याच हिशेबात धरले गेले नव्हते. शिवाय ज्या पिकासाठी ही गव्हाण रिकामी केली, त्या सोयाबीनला २०२४ च्या हंगामात ४,८९२ रुपये हमीभाव जाहीर असताना बाजारात कित्येकांना त्याहून बरेच कमी दाम घ्यावे लागले.

आता जनावरांचे आकडे पाहा. २०१९ च्या पशुगणनेप्रमाणे महाराष्ट्रात गोवंशाची संख्या सुमारे १ कोटी ४० लाख होती. २०१२ च्या तुलनेत ती सुमारे एक दशांशाने घटली. सबंध देशात याच सात वर्षांत गोवंशातील नरांची संख्या सुमारे ६ कोटी ८० लाखांवरून ४ कोटी ७० लाखांवर आली. गायी वाढल्या, बैल गेले. सात वर्षांत जवळजवळ तिसरा हिस्सा बैल नाहीसे व्हावेत, ही शेतीच्या इतिहासातील लहान घटना नव्हे.

या पार्श्वभूमीवर शास्त्र काय सांगते? इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथे १८४३ पासून एकाच शेतात खतांचा प्रयोग अखंड चालू आहे. भारतात १९७० पासून दीर्घकालीन खत प्रयोगांची साखळी निरनिराळ्या राज्यांत सुरू झाली. पुढे परभणीचे कृषी विद्यापीठही तीत सामील झाले. या प्रयोगांचा सारांश थोडक्यात असा : केवळ नत्रखत वर्षानुवर्षे टाकत राहिल्यास उत्पादन खालावत जाते, नत्र, स्फुरद, पालाश यांचा समतोल राखला तर ते टिकते, आणि त्या समतोलाला शेणखताची जोड दिली तर ते सर्वांत चांगले टिकते व जमिनीतील सेंद्रिय कर्बही वाढतो. सेंद्रिय कर्ब म्हणजे जमिनीची पाणी व अन्न धरून ठेवण्याची शक्ती. ज्या प्रदेशात दोन पावसांत पंचवीस दिवसांचा खंड पडतो, तेथे ही शक्ती हाच खरा पीकविमा होय.

दुसरा प्रयोग आपल्या अधिक जवळचा आहे. हैदराबादजवळ पटनचेरू येथे १९७२ साली ‘इक्रिसॅट’ ही आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. तेथील काळी जमीन आणि आपली काळी जमीन एकाच दख्खनची. एके काळी राज्यही एकच होते. १९७६ पासून तेथे दोन क्षेत्रांची तुलना चालू आहे. एका क्षेत्रात जुनी पद्धत : खरिपात जमीन पडीक, रब्बीत ज्वारी किंवा हरभरा, खत म्हणून केवळ शेणखत. दुसऱ्यात रुंद वरंबा-सरी पद्धतीची मशागत, खरिपापासूनच पेरणी, ज्वारी-तुरीसारखे आंतरपीक आणि प्रमाणात रासायनिक खत. पहिल्या क्षेत्रात हेक्टरी सरासरी सुमारे एक टन धान्य मिळाले, दुसऱ्यात सुमारे पाच टन. मातीची धूप दुसऱ्या क्षेत्रात पहिल्याच्या चौथ्या हिश्शाइतकी. आणि जमिनीतील कर्बही दुसऱ्यातच अधिक.

हा निष्कर्ष नीट समजून घेतला पाहिजे, कारण तो दोन्ही बाजूंच्या घोषणांना छेद देतो. जुने ते सर्व सोने, असे म्हणणाऱ्यांना तो सांगतो की, जुन्या पद्धतीत शेणखत होते तरीही जमीन वाहून जात होती आणि पोट भरत नव्हते. आणि खताच्या गोण्या व फवाऱ्याचे औषध यांतच प्रगती पाहणाऱ्यांना तो सांगतो की, उत्पादनातील मोठी वाढ केवळ गोणीतून आली नाही; पाणी मुरवणे, डाळवर्गीय पिकांची सोबत आणि मातीचे रक्षण यांच्या जोडीने ती आली. श्रीलंकेचा अनुभवही येथे ध्यानात ठेवावा. २०२१ च्या वसंतात तेथील सरकारने रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद केली. भाताचे उत्पादन कोसळले आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात निर्णय गुंडाळावा लागला. पर्यायी खताची तजवीज न करता हुकूम काढला की त्याची किंमत गरीब शेतकरी आणि गरीब ग्राहक भरतो. भारतात २५ नोव्हेंबर २०२४ रोजी २,४८१ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियानाला मान्यता देण्यात आली. त्याचे मूल्यमापन करताना एकच साधा प्रश्न विचारावा : नत्र कुठून येणार आणि शेण कोणाच्या गोठ्यातून येणार?

तो हिशेब येथेच मांडून पाहू. एक मोठे जनावर दिवसाला सुमारे दहा किलो शेण देते. म्हणजे वर्षाला साडेतीन टन. त्यातले काही रानात पडते, काही चुलीत जाते, उरलेले उकिरड्यात सुकते व कुजते. शेवटी हाती दीड-दोन टन शेणखत येते. हेक्टरी पाच टन खत टाकायचे म्हटले तर सुमारे तीन जनावरे हवीत. त्या पाच टनांतून मिळणारे नत्र जेमतेम पंचवीस किलो. कापसासारख्या पिकाची भूक याहून कितीतरी मोठी. आता या तीन जनावरांना रोज प्रत्येकी सहा किलो वाळली वैरण धरली तर वर्षाला साडेसहा टन लागते. एक हेक्टर कोरडवाहू ज्वारी बरा पाऊस झाला तर तीन-चार टन कडबा देते. महाराष्ट्रातील सरासरी जमीनधारणा १९७०-७१ साली ४.२८ हेक्टर होती. २०१५-१६ साली ती १.३४ हेक्टर झाली. म्हणजे सरासरी शेतकऱ्याने सबंध शेतात ज्वारीच पेरली, तरीही त्या शेताला पुरेसे खत देतील इतकी जनावरे तो आपल्या वैरणीवर पोसू शकत नाही.

याचा अर्थ स्पष्ट आहे. पीक आणि पशुधन यांची जोडणी शास्त्राला हवी आहे, पण एकेकट्या अल्पभूधारकाच्या शेतावर ती अंकगणितात बसत नाही. ती बसायची तर गावाच्या पातळीवर, सामाईक चराईच्या, सहकारी वैरण-साठ्याच्या आणि सार्वजनिक गुंतवणुकीच्या आधारानेच बसेल. येथे शेतीशास्त्राचा प्रश्न संपतो आणि अर्थशास्त्राचा व राजकारणाचा सुरू होतो.

जनावर हे शेतकऱ्याचे भांडवल आहे, हे अर्थशास्त्रज्ञांनी फार पूर्वी ओळखले. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात मार्व्हिन हॅरिस, के. एन. राज आणि आपले वि. म. दांडेकर यांच्या लेखनातून भारतातील गुरांच्या अर्थकारणावर मोठा वाद झडला. श्रद्धेचा भाग किती आणि व्यवहाराचा किती, असा तो प्रश्न होता. दांडेकरांचा आग्रह भोळ्या समर्थनाऐवजी काटेकोर हिशेबाचा होता. तोच हिशेब आज बैलाबाबत करावा. पूर्वी म्हातारा बैल विकून येणाऱ्या पैशात भर घालून शेतकरी नवा गोऱ्हा घेत असे. २०१५ साली राज्याच्या सुधारित कायद्याने गायीबरोबर बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. कायद्यामागची भावना काहीही असो, त्याचा आर्थिक परिणाम असा की, भांडवलाची अखेरची किंमत शून्यावर आली आणि म्हातारे जनावर पोसण्याचा सारा भार मालकावर पडला. २०२५ च्या पावसाळ्यात रस्त्यावरील छळाला कंटाळून कुरेशी समाजातील व्यापाऱ्यांनी जनावरांची खरेदीच थांबवली, तेव्हा आठवडी बाजारांत जनावर आणलेला शेतकरी ते तसेच परत घेऊन गेला. ज्या वस्तूला विक्रीमूल्य नाही ती वस्तू शहाणा माणूस विकत घेत नाही. बैल दावणीवरून गेला आणि भाडोत्री ट्रॅक्टर आला, यात ट्रॅक्टरच्या सोयीइतकाच या हिशेबाचाही वाटा आहे.

३० सप्टेंबर २०२४ रोजी राज्य शासनाने देशी गायीला ‘राज्यमाता-गोमाता’ घोषित केले आणि गोशाळांतील देशी गायींसाठी प्रतिदिन पन्नास रुपये अनुदान देण्याचा निर्णय घेतला. मुकी जनावरे पोसली जावीत याला कोणाचा विरोध असणार? परंतु अनुदान गोशाळेतील गायीला आहे. शेतकऱ्याच्या दावणीवरील गायीला नाही. म्हणजे जनावर शेतातून बाहेर पडले की शासन त्याला पोसणार, आणि शेतात राहून ते खत, दूध व श्रम देत असेपर्यंत मात्र त्याचा खर्च शेतकऱ्याने एकट्याने सोसायचा. फारकतीलाच बक्षीस देण्याचा हा प्रकार आहे.

फारकत संशोधनातही झाली आहे. परभणीचे कृषी विद्यापीठ १८ मे १९७२ रोजी स्थापन झाले तेव्हा पीक आणि पशू यांचे संशोधन एकाच छत्राखाली होते. होल्स्टीन आणि देवणी यांच्या संकराचे ‘होलदेव’ संशोधन तेथेच झाले. २००० साली नागपूर येथे महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ निघाले आणि परभणी व उदगीरची पशुवैद्यकीय महाविद्यालये तिकडे गेली. स्वतंत्र विद्यापीठाची आवश्यकता असेलही. परंतु कडबा एका विद्यापीठाचा आणि तो खाणारी गाय दुसऱ्या विद्यापीठाची, अशी वाटणी झाल्यावर शेतकऱ्याचा अखंड प्रश्न घेऊन कोणाच्या दारी जावे? एकात्मिक शेती पद्धतीच्या प्रकल्पांतून ही दरी बुजवण्याचे प्रयत्न शास्त्रज्ञ करीत आहेत. त्या प्रयत्नांना मनुष्यबळ आणि निधी पुरेसा मिळतो की नाही, हे लोकप्रतिनिधींनी विधिमंडळात विचारावयास हवे.

ही एकत्रित दृष्टी कशी फलदायी होते याचे उदाहरण ज्वारीचेच आहे. पैदासकारांनी फार काळ केवळ दाण्यांचे वजन मोजले. नंतर पटनचेरू येथील शास्त्रज्ञांनी हैदराबादच्या वैरण-बाजारात जाऊन कडब्याचे भाव पाहिले. कडब्याची पचनीयता ४७ टक्क्यांवरून ५२ टक्क्यांवर गेली की भाव सुमारे पाव हिश्शाने वाढतो, असे त्यांना आढळले. शेतकरी आणि गवळी हाताने व डोळ्यांनी जे पारखत होते, ते प्रयोगशाळेला उशिरा कळले. तेव्हापासून दाणा आणि कडबा या दोन्हींकडे पाहून वाण निवडण्याचे काम पुढे गेले. जुन्या मालदांडीची लोकप्रियता का टिकली आणि ‘परभणी मोती’सारख्या वाणांचे महत्त्व काय, हे यावरून समजते.

जनावरांच्या रवंथातून निघणारा मिथेन वायू हवामानबदलाला हातभार लावतो, हेही आज शास्त्राने सिद्ध केले आहे. तो कमी करणारी खाद्यपूरके निघाली आहेत. भारतीय शास्त्रज्ञांनी तयार केलेले ‘हरित धारा’ हे त्यांपैकी एक, २०२१ मधले. पाश्चात्त्य देशांत यावर मोठे भांडवल ओतले जात आहे. परंतु आपल्याकडील मुख्य दुखणे निराळे आहे. निकृष्ट वैरणीवर जगणारी गाय दर लिटर दुधामागे अधिक मिथेन सोडते. तिला चांगला चारा आणि समतोल आहार दिला तर दूध वाढते व लिटरमागे वायू घटतो. म्हणजे गरिबाची गव्हाण भरणे हाच हवामानरक्षणाचाही सर्वांत स्वस्त मार्ग आहे. तो बाटलीत भरून विकता येत नाही, म्हणून त्याची जाहिरात होत नाही.

आता सर्वांत नाजूक मुद्दा : गायरान. वैरणीसाठी गायराने हवीत, हे खरे. पण मराठवाड्यातील गायराने म्हणजे केवळ गवताची जमीन नव्हे. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखालील १९५९ आणि १९६४ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांनी या जमिनींचा प्रश्न राष्ट्रीय पातळीवर नेला. दलित व भूमिहीन कुटुंबांनी कसलेल्या गायरानांपैकी १९७८ ते १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय शासनाने १९९१ साली घेतला. त्याची अंमलबजावणी कित्येक गावांत अजून अपुरी आहे. अशा वेळी जनावरांच्या नावाने भूमिहीनांना हुसकावणे हा अन्याय होईल. पर्यावरणाची भाषा गरिबांविरुद्ध वापरली जाते तेव्हा कार्यकर्त्याने सावध राहिले पाहिजे. उलट शेळी हे भूमिहीन स्त्रीचे खरे भांडवल आहे. उस्मानाबादी शेळी काटक, जुळी करडे देणारी आणि अडचणीला रोकड उभी करणारी. कसणाऱ्याचा हक्क कायम ठेवून उरलेल्या पडीक जमिनीवर, बांधांवर, तलावांच्या काठांवर चारा-झाडे व गवत यांची लागवड करणे आणि त्या चाऱ्याचे वाटप भूमिहीनांना प्रथम, असा क्रम ग्रामसभेत ठरवणे, हा त्यावरचा न्याय्य मार्ग आहे.

साथींनो, या सर्व विवेचनातून कार्यकर्त्यांपुढे काही निश्चित कामे उभी राहतात. ज्वारीची हमीभावाने खरेदी आणि तिचे रेशनवर वाटप, ही मागणी पहिली. कारण ज्वारी परतल्याशिवाय कडबा परतणार नाही. दुसरी, गोशाळेइतकेच अनुदान अल्पभूधारकाच्या दावणीवरील जनावराला, आणि कायद्याने ज्याची विक्री रोखली त्या जनावराची वाजवी किमतीने शासकीय खरेदी. तिसरी, दुष्काळ पडल्यावर छावण्या उघडण्याऐवजी, सुगीतच गावोगाव सहकारी वैरण-बँका. २०१३ आणि २०१९ मधील छावण्यांवर झालेल्या खर्चाचा विचार केला तर ही मागणी अवास्तव वाटू नये. चौथी, वाहून गेलेल्या मातीची भरपाई. २०२५ च्या ऑक्टोबरात शासनाने ३१,६२८ कोटींची मदत जाहीर केली आणि खरडून गेलेल्या जमिनीसाठी हेक्टरी ४७,००० रुपये रोख व रोजगार हमीतून तीन लाखांपर्यंतची कामे देऊ केली. त्या कामांतून कोणाच्या शेतात किती गाळ पडला, याची गावनिहाय यादी कार्यकर्त्यांनी स्वतः करावी. २०१७ पासूनच्या गाळमुक्त धरण योजनेचा गाळ कोणाच्या शेतात गेला, ट्रॉलीचे भाडे परवडणाऱ्यांच्या की न परवडणाऱ्यांच्या, तेही त्याच यादीत लिहावे.

पैठणच्या नाथसागराला १९७६ पासून गोदावरीचे पाणी अडले आहे, आणि त्याच पाण्याबरोबर वाहून आलेली काळी माती त्याच्या तळाशी साचत आहे. ती माती कोणाच्या तरी शेतातून आली आहे. तिला तेथून काढून पुन्हा शेतात नेण्याचा रस्ता जोतीरावांनी १८८३ मध्येच दाखवला होता. शास्त्राने त्यावर आपली मोहोर उमटवली आहे. आता प्रश्न उरला आहे तो फक्त गाडी कोणाच्या बांधावर रिकामी होणार, एवढाच. आणि त्याचे उत्तर प्रयोगशाळेत नव्हे, ग्रामसभेत मिळवावयाचे आहे.